पंचसूना आणि माळाचा वाटा

वारकरी सज्जनहो, गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करावेत ही शास्त्राची आज्ञा आपण पुष्कळदा ऐकलेली असते. ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ हे ते पाच. परंतु हे यज्ञ सांगण्याचे जे कारण मनुस्मृतीत दिले आहे, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तेथे सांगितले आहे की गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने असतात. त्यांना ‘सूना’ असे नाव आहे. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या त्या पाच सूना. चुलीत लाकडाबरोबर किडा-मुंगी जळते, वरवंट्याखाली जीव चिरडतो, केरसुणीने मुंग्यांची रांग मोडते. माणूस हे काही दुष्टपणाने करीत नाही. तो जगतो, इतकेच. परंतु जगण्यातच दुसऱ्याची हिंसा घडते, हे शास्त्राने उघड्या डोळ्यांनी पाहिले, आणि म्हणून त्या ऋणाची फेड नेमून दिली. त्या फेडीतला जो भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्राला त्याचा वाटा देणे, त्याविषयी आज थोडा विचार करू.

आता असे पाहा. सूना आहे घराला. म्हणजे घरे वाढली की सूना वाढल्या. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लक्ष होती. २०११ च्या जनगणनेत ती ११ कोटी २४ लक्ष झाली. पन्नास वर्षांत जवळजवळ तिप्पट! आणि भूमी? ती तेवढीच, ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. जेथे एका चौरस किलोमीटरात १२९ माणसे राहत होती, तेथे ३६५ राहू लागली. मग या वाढलेल्या माणसांची चूल कोणाच्या जागेवर मांडली गेली? जागा आकाशातून तर पडली नाही. कोणीतरी उठले, तेव्हा आपण बसलो. जो उठला तो कोण, हे विचारायला नको काय?

उत्तर शोधण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या वारीच्या वाटेवरच ते पडलेले आहे. तुकोबारायांची पालखी उंडवडी, बारामती, इंदापूर या बाजूने येते. ज्ञानोबारायांची पालखी लोणंद, फलटण, माळशिरस करीत येते. हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस बेताचा, माती उथळ, खाली मुरूम. येथे निसर्गाने दाट अरण्य दिले नाही, माळ दिला. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते, मधूनच एखादी बोर किंवा हिवर. उन्हाळ्यात पाहावे तर सारे करपलेले. एक मृगाची सर पडली की आठ दिवसांत हिरवे. या गवतात काळवीट आणि चिंकारा चरतो, लांडगा पिले वाढवतो, खोकड बीळ करते, चंडोल भुईवर घरटे बांधतो. आणि याच माळाचा राजा म्हणजे माळढोक पक्षी.

हा पक्षी नव्या पिढीतल्या वारकऱ्यांनी बहुधा पाहिलेला नसेल. उभा राहिला तर लहान मुलाएवढा उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. मादी उघड्या भुईवर अंडे घालते, तेही बहुधा वर्षाकाठी एकच. झाड नको, ढोली नको, फक्त निवांत माळ हवा. पंढरपूर ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातले नान्नज गाव या पक्ष्यासाठी साऱ्या देशात प्रसिद्ध झाले. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. आज काय स्थिती आहे? संपूर्ण देशात हा पक्षी दीडशेच्या आत उरला असावा असा जाणत्यांचा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. आपल्या सोलापूरच्या माळावर एखाददुसरा दिसला तर त्याची बातमी होते. तणमोराचीही तीच गत. माळावरचा चित्ता तर १९५२ सालीच भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. ‘चित्ता’ हा शब्द संस्कृतातल्या ‘चित्रक’ शब्दावरून जगभर गेला. पुढे २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते मध्य प्रदेशात आणावे लागले. नाव आमचे आणि प्राणी परका, असा प्रसंग आला!

हे कसे घडले? कोणी बंदुका घेऊन माळ ओस पाडला काय? शिकार झाली, नाही असे नाही. परंतु मोठे कारण तेच, पंचसूना. एक दृष्टान्त घेऊ. एका शेतकऱ्याचे वीस एकर रान होते. त्यातले बारा एकर वहितीचे आणि आठ एकर माळ. त्याला चार मुलगे. बाप गेल्यावर वाटण्या झाल्या. प्रत्येकाच्या वाट्याला तीन एकर काळी आणि दोन एकर माळ. तीन एकरांत भागेना म्हणून माळावर नांगर घातला. तेवढ्याने भागेना म्हणून बांध कोरला. पूर्वी बांध बैलगाडी जाईल एवढा रुंद. त्यावर गवत, बोरीचे जाळे, त्यात तित्तिर आणि मुंगूस. चौघांनी दोन्ही बाजूंनी तास-तास कोरून बांध वीतभर करून टाकला. पुढे विंधनविहीर आली, वीज आली, ऊस आला. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले आणि ज्या जिल्ह्यात ज्वारी पिके तेथे उसाचे मळे उभे राहिले. रस्त्याकडेच्या माळाचे प्लॉट पडले. चौघा भावांपैकी कोणी पापी होता काय? नाही. प्रत्येकाला लेकरेबाळे होती. पण त्या वाटणीत एक पाचवा भाऊ होता, त्याला कोणी बोलावलेच नाही. त्याची सही नाही, अंगठा नाही, तो तलाठ्याकडे जात नाही. तो पाचवा भाऊ म्हणजे त्या माळावरचे भूतजात.

सज्जनहो, आमच्या सातबाऱ्यावर एक शब्द असतो, ‘पोटखराबा’. पिकाला नालायक जमीन. कागदोपत्री माळाला ‘पडीक’ म्हणतात. शब्दाची सत्ता मोठी असते. ज्याला पडीक म्हटले ते कोणाचेच नाही असे वाटू लागते, आणि जे कोणाचेच नाही ते घ्यायला मन कचरत नाही. पण ज्याच्यावर हजारो जिवांचे पोट चालते ती जागा पोटखराबा कशी? तुमच्या-आमच्या पोटाला ती खराबा. काळविटाच्या पोटाला तेच पक्वान्नाचे ताट. धनगराच्या मेंढीलाही तेच. एवढेच नव्हे, गवताची मुळे माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी सावकाश मुरवतात. माळ गेला तर खालच्या विहिरीचाही झरा आटतो. तात्पर्य, पडीक ते नव्हे. पडली आहे ती आपली दृष्टी.

येथे कोणी म्हणेल, “महाराज, दोष खरा लोकसंख्येचा. ज्यांना पोरे फार, त्यांना जाऊन सांगा.” याला उत्तर ऐका. संततीचे प्रमाण आता पुष्कळ उतरले आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये असे आढळले, म्हणजे दोनाच्याही आत. मग माळावरचा ताण उतरला काय? नाही. कारण माणसे थोडी वाढतात, पण प्रत्येकाची चूल मोठी होते. पूर्वी सूना पाच होत्या. आता रस्ता ही सूना आहे, खाण ही सूना आहे, डोक्यावरून जाणारी विजेची तार ही सूना आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचे त्याला नीट दिसत नाही, आणि जड देह ऐन वेळी वळवता येत नाही. त्यामुळे तारेवर आदळून तो मरतो. ती तार गरिबाच्या पाळण्यासाठी ओढलेली नाही बरं का! ती सगळ्यांच्या पंख्या-दिव्यांसाठी आहे, त्यात आम्हीही आलो, तुम्हीही आलात. दुसऱ्याच्या पाळण्यातले कुसळ मोजणाऱ्याने आपल्या घरातले मुसळ आधी पाहावे. आणि मुसळ तर पंचसूनांपैकीच एक!

दुसरी शंका याहून गंभीर आहे. “माणूस कर्जात बुडालेला, उभ्या पिकात हरणे आणि रानडुकरे शिरतात, आणि तुम्ही पक्ष्यांचे कौतुक सांगता?” ही शंका खोटी नाही. रात्ररात्र माचाणावर जागणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख ज्याला कळत नाही त्याने भूतदया सांगू नये. त्याच्या नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पुरती झालीच पाहिजे. दया सगळ्या समाजाने मिरवायची आणि तिची किंमत एका गरीब कुणब्याने मोजायची, हा धर्म नव्हे. माळढोक अभयारण्याचेच पाहा. ८,४९६ चौरस किलोमीटरांत गावे आली, खासगी शेते आली. स्वतःच्या जमिनीच्या व्यवहाराला अडचणी येऊ लागल्या तेव्हा लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला. शेवटी अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. कायद्याने रेघ ओढता येते, पण मनात जागा करता येत नाही. ते काम धर्माचे आहे.

आणि धर्म काय सांगतो? नामदेवरायांची कथा आपण सारे सांगतो. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी नको खाऊ म्हणून. या कथेतले मर्म काय? नामदेवांनी त्या जिवाला ‘चोर’ म्हटले नाही, ‘वाटेकरी’ म्हटले. काही धनगर वाड्यांवर अशी समजूत आहे की लांडग्याने एखादे कोकरू नेले तर तो त्याचा वाटा. पोथी न वाचलेल्या त्या माणसाला भूतयज्ञ कळला, असे आम्ही म्हणतो. घासातला घास काढून ठेवणे एवढाच त्याचा अर्थ नाही. आज कावळ्याला घास पुष्कळ घालतात, पण त्याला बसायला झाड ठेवत नाहीत. ज्या काळी रान अमाप होते त्या काळी बळी अन्नाचा होता. आता भूतयज्ञात द्यावयाची आहुती अन्नाची नसून जागेची आहे.

माणसाचा हात लागला म्हणजे सारे बिघडलेच, असेही नाही. त्याच उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ दरवर्षी रोहित पक्षी उतरतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीत अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरांवर १९८० पासून काळविटांना आश्रय मिळाला. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात ५.१४ चौरस किलोमीटरांत चिंकारा टिकून आहे. थोडी जागा मनापासून सोडली तर जीव तग धरतो. मात्र ती सोडली पाहिजे.

तेव्हा वारकऱ्याने काय करावे? पाच सूनांना पाच नेम सांगतो.

पहिला नेम, माळ पेटवू नये. गवत जाळले तर नवे चांगले येते असे म्हणून काडी लावतात. त्या आगीत अंडी, पिले, सरडे आणि बीज सारेच जळते.

दुसरा नेम, झाड लावावे, पण जागा पाहून लावावे. गावठाणात, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, देवळाच्या आवारात अवश्य लावा. परंतु गवताच्या माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प, सुबाभूळ लावणे हे पुण्य नव्हे. माळाच्या जिवांना झाडी नको असते. उघड्यावर राहणाऱ्याला सावलीत कोंडणे हीही हिंसाच.

तिसरा नेम, पालखीतळावरचे खरकटे उघड्यावर टाकू नये. आपण लाखोंनी चालतो. आपल्या उष्ट्यावर भटकी कुत्री पोसतात, ती दिंडी गेल्यावर माळावर शिरतात आणि चिंकाऱ्याचे पाडस फाडतात. खड्ड्यात पुरावे, पत्रावळी गोळा कराव्यात. आणि लक्षात ठेवा, आपण आषाढात चालतो तेव्हाच माळावरच्या अनेक पक्ष्यांची वीण चालू असते. दोन पावले वाट सोडून गवतात जाल तर पायाखाली पाहा.

चौथा नेम, बांध कोरू नये. हातभर पट्टा गवताचा राहू द्यावा. भावाभावांची भांडणेही त्याने कमी होतील.

पाचवा नेम, गायरान सांभाळावे. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला की वारकऱ्याने मागे बसू नये. ज्याला वाचा नाही त्याच्या वतीने दोन शब्द बोलावेत. टाळ वाजवणाऱ्या हाताने तेथे हात वर करावा. तोही भजनाचाच भाग समजावा.

आपल्या घरात नातवंडे असतील. त्यांना आपण पांडुरंगाचे रूप दाखवायला वाखरीच्या माळावरून नेतो. पांडुरंग सर्वांभूती आहे असे त्यांना सांगतो. ते मूल उद्या विचारील, “आजोबा, सर्वांभूती म्हणजे कोण कोण?” त्या वेळी दाखवायला माळावर कोणीतरी उरले पाहिजे. नुसत्या माणसांकडे बोट दाखवून त्या शब्दाचा अर्थ पुरा होणार नाही. असो.

रामकृष्णहरि!