पारख

शत्रू कोणाला म्हणावे, यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. आमच्या खानदेशात हा प्रश्न मिरचीच्या शेतात उभा राहतो, आणि तिथे त्याचे उत्तर उभ्या पायावर द्यावे लागते.

पाने मुरडली की ‘बोकड्या आला’ म्हणतात. पण पान वरच्या बाजूला वळले तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम. खाली वळले तर कोळ्याचे. कोळी तर कीटकही नव्हे. त्याला आठ पाय. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. नुकसान दिसले एवढ्याने गुन्हेगार सापडत नाही.

रूपावरून पारखावे काय? शाळेतली मुले सात ठिपक्यांचा तांबडा ढालकिडा तळहातावर घेऊन नाचतात. त्याचीच अळी मात्र काळपट, खरबरीत, इवल्या सुसरीसारखी. तिला पाहताच पाय उचलला जातो. ‘गुरुजी, हाई काय शे?’ असे आधी विचारणारा एखादाच. ही अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. तिला चिरडले, की आपलाच राखणदार मेला!

मग कुळावरून पारखावे? ज्या वांग्याच्या भरितावर जळगावकरांचा जीव, त्या वांग्याची पाने खरवडून जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा या ढालकिड्याचाच भाऊबंद. आणि कीर्तीवरून? उद्योगी म्हणून जिचे धडे आपण गिरवले, ती मुंगी माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करते व ढालकिड्याला हुसकावते. तेव्हा रूप, कूळ, कीर्ती सारे बाजूला ठेवून कोण काय खातो, एवढेच पाहावे लागते.

पाहायला सवड नसली म्हणजे माणूस सरसकट मारतो. कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागा १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियाहून नेलेल्या ढालकिड्यांनी वाचवल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे डीडीटी फवारले. ढालकिडे मेले आणि जुनी कीड पुन्हा बोकाळली.

अर्थात, ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो, त्या माझ्यासारख्याने धीराचा उपदेश करणे सोपे आहे. २०२१ साली आंध्र-तेलंगणात परदेशातून आलेल्या फुलकिड्यांनी मिरचीची उभी शेते बसवली. कर्ज काढून रोपे लावलेल्या माणसाला ‘थांब, नीट पाहा’ म्हणणारे आपण कोण? कीड हाताबाहेर गेली तर फवारावेच लागते. त्यात पाप नाही.

पण एक गोष्ट मला सुटत नाही. मावा पार नाहीसा झाला, तर ढालकिडा खाणार काय? मित्र जगवायचा तर थोडा शत्रू सोसावा लागतो. तो सोसण्याचा खर्च मात्र आज एकटा शेतकरी भरतो. दिवाळीच्या बाजारात आपण एकही डाग नसलेली मिरची निवडून घेतो, वाकडी बाजूला सारतो. आणि त्या निवडीनेच कुणाच्या तरी पाठीवर फवारणीचा पंप चढवतो. चार वाकड्या मिरच्या आपल्या पिशवीत आल्या, तर चटणीची चव बिघडत नाही. शेतातला न्याय शेतकऱ्याने करावा हे खरे. पण त्याला विचार करायला उसंत मिळावी, एवढे तर गिऱ्हाइकाच्या हातात आहे.