वात एकदाच पेटवली

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक खटला उभा राहिला आणि न्यायाधीश म्हणून माझी नेमणूक झाली. खालच्या मजल्यावरचे नाना हृदयाचे दुखणे काढून नुकतेच इस्पितळातून परतले होते. म्हणून वहिनींनी मुलाला ताकीद दिली होती, "रोज संध्याकाळी वात एकदाच पेटवायची. दुसऱ्यांदा पेटवलीस तर सगळे फटाके कपाटात." माझा पुतण्या दहा वर्षांचा. पहिले दोन दिवस त्याने एकेक लवंगी माळ लावली. तिसऱ्या दिवशी उरलेल्या साऱ्या माळा एकीला एक बांधून जिन्यापासून फाटकापर्यंत पसरल्या आणि एका टोकाला उदबत्ती टेकवली. मग जे सुरू झाले ते थांबेचना. वहिनी धावत खाली गेल्या, तर स्वारी शांतपणे उभी. "आई, मी वात एकदाच पेटवली!"

मी हसलो. मुलाची हुशारी दिसली की मास्तराला आधी हसू येते, मग राग आठवतो. "वहिनी, शब्दाप्रमाणे पाहिले तर तो निर्दोष आहे," असा मी निकाल दिला आणि फराळाकडे वळलो. रात्री पाणी प्यायला उठलो, तेव्हा अंगणात नानांच्या खिडकीतला उजेड पडलेला दिसला. पहाटे पुन्हा उठलो, तेव्हाही तो तसाच होता.

तो उजेड मला पुन्हा आठवला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १४ जून २०२४ चा एक निकाल वाचताना. त्यामागची हकीकत सणासुदीला सांगण्यासारखी नाही, पण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगास शहरात उघड्या मैदानावर गाण्याचा जलसा चालू होता. हजारो माणसे जमली होती. शेजारच्या होटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका माणसाने सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. ५८ माणसे तेव्हाच गेली; पुढे जखमांनी आणखी दोघे गेले. एका माणसाला एवढ्या थोड्या वेळात एवढ्या गोळ्या झाडता आल्या कशा? त्याच्या कित्येक रायफलींना 'बंप स्टॉक' नावाचा दस्ता बसवलेला होता.

साध्या रायफलीचा चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. दुसरीसाठी बोट सैल करून पुन्हा ओढावे लागते. या दस्त्यात रायफल मागेपुढे सरकते. गोळी सुटली की धक्क्याने ती मागे येते, दुसऱ्या हाताच्या रेट्याने पुढे जाते आणि चाप स्थिर ठेवलेल्या बोटावर पुन्हा आपटतो. बोट जागचे हलत नाही. बंदूकच बोटाकडे येत राहते. अशाने मिनिटाला ४०० ते ८०० गोळ्या सुटू शकतात. हात अधू असलेल्यांना नेमबाजी करता यावी म्हणून हे साधन काढले, असे २०१० साली उत्पादकाने सरकारला कळवले होते. अधू माणसाची ढाल पुढे करणे ही युक्ती जगात सगळीकडे सारखीच दिसते.

आता कायदा. शिकागोच्या गुंडांनी रस्त्यात मशीनगन चालवल्या, त्या काळानंतर १९३४ साली अमेरिकेने त्यांच्यावर २०० डॉलर कर आणि नोंदणी बसवली. १९८६ पासून तर नवी मशीनगन सामान्य नागरिकाला बाळगताच येत नाही. पण मशीनगन म्हणजे काय? चापाच्या एकाच क्रियेने, आपोआप, एकाहून अधिक गोळ्या झाडणारे हत्यार. वात एकदाच पेटवली की नाही, एवढाच प्रश्न! सहा न्यायमूर्तींनी चापाच्या आकृत्या छापून दाखवले की प्रत्येक गोळीमागे चाप नव्याने हलतो. म्हणून ही मशीनगन नव्हे. तिघांनी विरोध केला. न्यायमूर्ती सोतोमायोर यांचे म्हणणे असे की, जो पक्षी बदकासारखा चालतो, पोहतो आणि ओरडतो त्याला मी बदकच म्हणणार.

हे वाचून मी त्या सहा जणांवर रागावलो आणि लगेच जीभ चावली. मीही तोच निकाल दिला होता ना?

शिवाय त्यांची बाजू वाटते तितकी पोकळ नाही. ज्या सरकारी खात्याने २०१८ च्या अखेरीस हे दस्ते मशीनगन ठरवले, त्यानेच आधी वर्षानुवर्षे पत्रे देऊन, यातले पुष्कळसे मशीनगन नव्हेत, असे लोकांना कळवले होते. त्या पत्रांवर विसंबून माणसांनी ते उघडपणे विकत घेतले. कायद्याचे एक अक्षरही बदलले नाही, आणि मार्च २०१९ मध्ये ते बाळगणे गुन्हा झाले. टेक्सासमधल्या एका दुकानदाराने आपल्याकडचे दोन दस्ते सरकारजमा केले आणि मग दावा लावला. मला त्याचा माल आवडत नाही, पण त्याची तक्रार समजते. आज अधिकारी शब्दाचा अर्थ माझ्या सोयीने ताणतो म्हणून मी टाळ्या वाजवल्या, तर उद्या तो माझ्याविरुद्ध ताणील तेव्हा कोणत्या तोंडाने बोलू? गरिबाजवळ कायद्याच्या शब्दावाचून दुसरे असते काय?

आपणही शब्दांच्या फटीवर प्रेम करणारी माणसे आहोत. ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, ना माणसाकडून ना पशूकडून, असा वर हिरण्यकशिपूने मागून घेतला. उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, नरसिंहाने त्यातली फट शोधली. लहानपणी कीर्तनात हे ऐकताना आम्ही पोरे उड्या मारायचो. पण त्याच कीर्तनकारबुवांनी 'नरो वा कुंजरो वा' सांगितले की देवळात सामसूम होई. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. धर्मराजाचे शब्द खोटे म्हणता येत नव्हते. तरी द्रोणाने शस्त्र खाली ठेवले, आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्माचा रथ भुईला टेकला. व्यासांनी शब्दांचा कीस काढला नाही. चाके तेवढी खाली आणली.

बंदुकीच्या हक्काला अमेरिकन माणूस एवढा का चिकटतो, याचे आपल्याकडे हसे होते. हसण्यापूर्वी आपला इतिहास आठवावा. १८७८ च्या इंग्रजी हत्यारबंदी कायद्याने आपले पूर्वज असेच चिडले होते. १९३१ च्या कराची काँग्रेसने तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत मांडला होता. १९४८ साली घटना समितीत कामथांनी तशी दुरुस्ती आणली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. आपल्याकडे तो हक्क राहिला नाही, परवाना राहिला. त्यांच्याकडे १७९१ पासून तो घटनेतच आहे. पण बंप स्टॉकच्या खटल्याचा निकाल त्या हक्कावर लागलाच नाही. तो लागला एका व्याख्येवर, आणि व्याख्या तर सभागृहाला एका बैठकीत बदलता येते.

मला खरा दोष दिसतो तो इथे. बहुमताच्या बाजूने मत देणाऱ्या न्यायमूर्ती अलिटो यांनीच लिहिले की, कायदा दुरुस्त करणे हा साधा उपाय आहे. लास व्हेगासनंतर सात वर्षे होत आली होती. डझनाहून अधिक राज्यांनी आपापल्यापुरती बंदी घातली होती. पण वॉशिंग्टनच्या सभागृहांना ते साधेना, कारण हात वर करून मत दिले की ते मतदाराच्या लक्षात राहते. खात्याने परस्पर अर्थ बदलला की कुणाचेच नाव लागत नाही. निकालानंतर चारच दिवसांनी सिनेटमध्ये बंदीचे विधेयक सर्वसंमतीने मंजूर करून घेण्याचा प्रयत्न झाला. एका सभासदाने हरकत घेतली आणि ते तिथेच थांबले. शब्दात फट आहे हे सगळ्यांना दिसले होते. तीतून काय आत आले तेही दिसले होते. ती बुजवायची कुणी, एवढेच ठरत नव्हते.

यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी वहिनी वही-पेन्सिल घेऊन आल्या. "भावोजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना? मग यंदाचा नियम तुम्हीच लिहा. गेल्या वर्षीसारखी फट नको." मी बसलो. 'रोज एकच माळ' लिहिले. मग माळ किती लांबीची ते लिहिले. मग जोडलेली माळ म्हणजे काय ते लिहिले. मग सुतळी बाँब राहिलेच म्हणून त्यांचे कलम घातले. पान भरले. पुतण्याने ते ओठ हलवत दोनदा वाचले. आता तो अकरा वर्षांचा आहे.

"काका," तो म्हणाला, "यात भुईनळ्याचं काहीच नाही."

मी पान फाडले. "असं कर, खाली जा आणि किती वाजवू ते नानांनाच विचारून ये."

तो गेला खरा. अर्धा तास झाला, अजून वर आलेला नाही.