आधी पर्याय, मग कुलूप

आमच्या काळाचौकीला लागून कॉटन ग्रीन स्टेशन आहे. गिरण्या गेल्या, कापूस पाटीवर उरला. विदर्भाचा कापूस मुंबईकडे आणायला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज लाइन टाकली. तीच ‘शकुंतला’. रुळांमधलं अंतर अडीच फूट, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन, 76 किलोमीटरला चार तास. पथ्रोटसारख्या गावाला स्टेशन मिळालं ते कापसाच्या कृपेने. आता तिथे गाडी येत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. युजर कमी, खर्च जास्त, की आम्ही जुनी सिस्टिम बंद करतो. पण किती जण वापरतात हे आकडा सांगतो. दुसरं काही त्यांना परवडतं का, हे सांगत नाही. स्वस्त तिकिटावर बाजाराला जाणारी मजूर बाई ग्राफवर फक्त एक ठिपका असते.

नफ्यासाठी सुरू झालेल्या सोयीवर लोकांचा हक्क तयार होतो का? मला वाटतं, होतो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी बाजार, शाळा, सोयरिकी त्या गाडीच्या भरवशावर ठरवल्या. म्हणून ती तोट्यात कायम चालवा, असं नाही. पण आधी पर्याय द्यावा, मग कुलूप लावावं. 1982 च्या संपानंतर गिरणगावाच्या वाट्यालाही आधी कुलूपच आलं.