फाईल कुणाच्या हातात?

गावाकडे ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की कर्करोग आहे हे कळतं, पुढे काही विचारावं लागत नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी पती दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने मुंबईत परळला बांधलेलं हे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. आज तिथेच काय, कुठल्याही कर्करोग विभागाच्या ओपीडीबाहेर एक वाक्य हमखास कानी पडतं. नवरा किंवा बायको मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, “डॉक्टर, ह्यांना काही सांगू नका. धीर सोडतील.”

यामागे प्रेम असतं, याबद्दल मला शंका नाही. जे माणूस रात्र रात्र कॉटखाली चटई टाकून झोपतं, स्वतःच्या साखरेच्या गोळ्या विसरतं आणि दागिना मोडून पैसे भरतं, त्याच्या हेतूवर बोट ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरीही हे वाक्य चुकीचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका शिंपीकाकांचं उदाहरण सांगतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग, ऑपरेशन झालं, मग केमो. काकूंनी आणि मुलाने त्यांना सांगितलं होतं, ‘आतड्याला सूज आहे, सलाईनमधून औषध द्यायचंय.’ काकूंनी सेवेत काही कमी केलं नाही. या केमोत ऑक्सालिप्लॅटिन नावाचं औषध असतं. त्याने गार पाण्याला हात लावला तरी झिणझिण्या येतात. म्हणून काकू हात धुवायलासुद्धा पाणी कोमट करून देत. पण डॉक्टरांनी बजावलेली दुसरी गोष्ट त्यांनी काकांना सांगितलीच नाही. बोटं बधिर व्हायला लागली तर लगेच कळवायचं असतं. औषध जितकं अंगात साठतं तितका बधिरपणा वाढतो, आणि कधी कधी तो कायमचा राहतो.

काकांची बोटं बधिर झाली होती. सुईत दोरा ओवता येत नव्हता. ते गप्प राहिले, कारण बायको आधीच खचलीय आणि तिला आणखी घोर नको. एकाच खोलीत दोघं एकमेकांना सांभाळत होती आणि दोघंही एकटी होती. शेवटी डे केअरमधल्या नर्सने बटण लावायला सांगितलं, तेव्हा ते उघड झालं. मग डॉक्टरांनी काकांनाच समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं, आणि ते औषध थांबवून नुसत्या गोळ्या चालू ठेवता येतील, त्यात काय फायदा आणि काय जोखीम, हेही समजावलं. काकांनी विचारलं, “बोटं राहतील ना?” त्यांनी गोळ्या निवडल्या. काकूंना हा निर्णय आजही धोक्याचा वाटतो, आणि आता त्या तसं काकांना तोंडावर सांगतात. माझ्या मते त्यांच्या संसारातली ही फार मोठी सुधारणा आहे.

न सांगण्याने जिवालाही धोका होतो. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, घरोघरी म्हणतात तसे ‘काउंट पडतात’. त्या दिवसांत ताप १०० अंशांच्या वर गेला तर ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं असतं, वेळ पडली तर रात्रीच दवाखाना गाठायचा असतो. आपल्याला काय दिलं जातंय हेच ज्याला माहीत नाही, तो घरातली तापाची गोळी घेऊन पडून राहील.

बाई आजारी असते तेव्हा हे आणखी टोचतं. स्तनाचा कर्करोग तिला झालेला असतो, आणि फाईल घेऊन आत जातात नवरा आणि दीर. ती बाहेर बाकावर. गाठ लहान असेल तर अनेकदा स्तन वाचवून शस्त्रक्रिया करता येते. तिथे सहसा रेडिएशन घ्यावं लागतं, म्हणजे कित्येक आठवड्यांच्या खेपा. ‘काढूनच टाका, कटकट नको,’ हे उत्तर नवऱ्याने परस्पर दिलेलं मी ऐकलं आहे. तिला वाचवण्याचीच घाई होती त्याला. पण शरीर तिचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी हेच बजावलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचं गर्भाशय डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईच्या संमतीवर काढलं होतं. जिवाला तातडीचा धोका नसताना, शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या जागी दुसऱ्याची संमती चालत नाही, असा निकाल लागला. आई असली तरी नाही, मग नवरा असला तरी नाहीच.

सांगायचं म्हणजे आकडे तोंडावर फेकायचे नाहीत. आधी विचारायचं, “रिपोर्टमधलं तुम्हाला किती ऐकायचंय?” कुणी म्हणेल, ‘मला नको सांगू, तूच बघ.’ तोही त्याचा निर्णय, तो पाळावा. मात्र प्रत्येक नव्या रिपोर्टच्या वेळी पुन्हा विचारावं. पहिल्या केमोआधी नको म्हणणारा माणूस तिसऱ्या केमोनंतर स्वतःच फाईल मागतो. त्याला जमिनीचं बघायचं असतं, मुलीशी बोलायचं असतं, उपचार कुठवर चालवायचे हे ठरवायचं असतं.