मरियेचा झगा

युरोपातील ओल्या कुरणांत उगवणाऱ्या अल्केमिला या वनस्पतीचे पान गोल, चुण्यांचे आणि काठाला बारीक दातेरी असते; दमट रात्री मुळांनी ओढलेले पाणी त्या दातांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाझरते आणि पहाटे पानाच्या कडेने थेंबांची ओळ उभी राहते. किमयागार हे पाणी टिपून घेत, म्हणून तिला ते लॅटिन नाव पडले असे सांगतात. स्वीडिश लोकांनी तिला दवाचा झगा म्हटले, डेनिशांना तिच्यात सिंहाचा पाय दिसला. परंतु नॉर्वेत ती ‘मारीकोपे’ व आइसलंडात ‘मारीउस्ताक्कुर’, म्हणजे मरियेचा झगा, आणि जर्मन ‘फ्राउएनमांटेल’ या नावातील स्त्रीही तीच ख्रिस्तमाता, जी मध्ययुगीन चित्रांत आपला झगा पसरून राजापासून रंकापर्यंत सर्वांना त्याखाली घेते.

अशा नावांतील मरियेआड फ्रेया व फ्रिग या प्राचीन देवता दडल्या आहेत, असा तर्क याकोब ग्रिम याने १८३५ च्या आपल्या दैवतशास्त्रावरील ग्रंथात मांडला. त्यावरून धर्मसत्तेने जुन्या देवांची मिरास खालसा करून ती मरियेच्या नावे चढवली, असे सर्रास म्हटले जाते. मला हे मत अपुरे वाटते. इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती झालेल्या आइसलंडात एका शुभ्र फुलाला आजही बाल्डर देवाच्या भिवईचे नाव आहे, तेराव्या शतकात तेथील लेखक स्नोरीने त्याचा उल्लेख केला आहे, आणि फ्रिगचे गवतही तेथे त्याच नावाने ओळखले जाते. जी सत्ता ही नावे पुसू शकली नाही, अथवा पुसावी असे जिला वाटले नाही, तिच्या हुकुमाने मरिया कुरणात आली असेल हे संभवत नाही. तिला तेथे गुराख्यांनी व वैदूपण करणाऱ्या बायकांनी आणले असावे.

पुढे नॉर्वे व आइसलंड हे देश लूथरपंथी झाले. त्या पंथाच्या १५३० च्या आउग्सबुर्ग येथील धर्मनिवेदनाच्या एकविसाव्या कलमाने संतांचे स्मरण करण्यास मुभा दिली, पण त्यांचा धावा करण्यास मनाई केली. वनस्पतीचे नाव म्हणजे केवळ स्मरण, तेव्हा ते कलमाच्या चौकटीत बसते, असे कोणी म्हणेल. परंतु स्मरणच हवे होते तर तिचा मुकुट, तिचे अश्रू पुरे होते. झगा हा आश्रयासाठी असतो, आणि आश्रय मागितल्यावाचून मिळत नाही. मनाई झालेली प्रार्थना त्या नावात जशीच्या तशी राहिली आहे.