कर्ता कुठं आहे?

बसा. जिन्याजवळचा तुमचा महिला दिनाचा फलक वाचूनच वर आले आहे. चमकी छान लागलीय, अक्षर टपोरं आहे. कौतुक इथं संपलं.

विशेषणं किती आहेत, मोजलीत? मी मोजली. सतरा. धाडसी, निर्भीड, झुंजार, तेजस्वी. ‘रणरागिणी’ तर तिघींनाही एकेक वाटून दिलीय, सत्यनारायणाच्या प्रसादासारखी. आणि क्रियापदं? ‘होत्या’, ‘होत्या’, ‘झाली’. बायका आयुष्यभर चालल्या, भांडल्या, रस्ता अडवून बसल्या; आणि तुम्ही त्यांचं नुसतं ‘होत्या’ करून टाकलंत.

निळ्या कुर्त्यातली, ऊठ. पहिली ओळ वाच. ‘होंडुरासमधील थोर पर्यावरणप्रेमी बेर्ता कासेरेस यांची २०१६ साली दुर्दैवी हत्या झाली.’ थांब. या वाक्यात कर्ता कोण? हं, ‘हत्या’. पाऊस झाला, लग्न झालं, हत्या झाली. कुणी केलीच नाही, आपली आपण झाली! वर ‘दुर्दैवी’. दैवाचा काय संबंध?

ऐक मग. बेर्ता लेंका या आदिवासी समाजातली. १९९३ साली तिनं सहकाऱ्यांबरोबर आपल्या लोकांची संघटना उभी केली. ग्वालकार्के नदीवर ‘देसा’ नावाची कंपनी आग्वा सार्का हे धरण बांधायला निघाली. नदीवर लेंकांची शेती आणि पिण्याचं पाणी. मुलींचे आत्मे त्या नदीत राहतात अशी त्यांची श्रद्धा. असा प्रकल्प आणण्याआधी आदिवासींना विचारलं पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय करार होंडुरासनं १९९५ सालीच मान्य केला होता. विचारलं नाही. एप्रिल २०१३ मध्ये रिओ ब्लांकोच्या गावकऱ्यांनी धरणाचा रस्ता अडवला आणि वर्षाहून अधिक काळ सोडला नाही. त्याच वर्षी चिनी बांधकाम कंपनी निघून गेली, पण ‘देसा’ गेली नाही. २ मार्च २०१६ च्या रात्री मारेकऱ्यांनी बेर्ताला तिच्या राहत्या घरात गोळ्या घातल्या. २०१८ साली सात जण दोषी ठरले. त्यांत ‘देसा’चा एक अधिकारी, ‘देसा’चाच माजी सुरक्षाप्रमुख आणि लष्करातला एक मेजर होता. २०२१ साली खुद्द कंपनीचा अध्यक्ष डेव्हिड कास्तियो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला साडेबावीस वर्षांची कैद झाली.

इतके कर्ते न्यायालयानं नावानिशी लिहून ठेवलेत. तुम्हाला एकही सापडला नाही? आणि ‘पर्यावरणप्रेमी’ म्हणजे काय रे? कुंडीत तुळस लावणारी? ती झाडांवर प्रेम करा असं सांगत नव्हती, आम्हाला विचारल्याशिवाय आमची नदी अडवू नका असं बजावत होती. प्रेमीचा कुणी खून करत नाही. आडवी येणारीचा करतात.

आता दुसरी ओळ. मागच्या बाकावरचे साहेब, मोबाइल खाली ठेवून वाचा. ‘ब्राझीलच्या मारिएली फ्रांको यांच्यावर काळाने घाला घातला.’ वा! इथं कर्ता आहे, फक्त खोटा आहे. काळ गाडीतून पाठलाग करत आला? काळानं तेरा गोळ्या झाडल्या? १४ मार्च २०१८ ला रिओमध्ये तरुण कृष्णवर्णीय बायकांची सभा आटोपून ती घरी निघाली होती. हल्लेखोरांनी तिला मारलं आणि तिचा चालक आंदेरसन गोमेस यालाही. त्याचं नाव तुमच्या फलकावर कुठं आहे? गाडी चालवणारा माणूस मेला तर तो मोजायचा नाही, ही शिकवण मानवी हक्कांच्या कोणत्या पानावर आहे?

त्या देशातल्या लोकांनी तुमच्यापेक्षा चांगलं व्याकरण सांभाळलं. वर्षानुवर्षं त्यांनी भिंतींवर, फलकांवर, सदऱ्यांवर एकच प्रश्न लिहिला: मारिएलीला मारायला कुणी सांगितलं? नीट बघा, अख्खा प्रश्न कर्त्याचा आहे. गोळ्या झाडणारा आणि हल्लेखोरांची गाडी चालवणारा, दोघंही माजी पोलीस. २०२४ साली एकाला ७८ वर्षांची आणि दुसऱ्याला ५९ वर्षांची शिक्षा झाली, ती लोकांनी हा प्रश्न खाली पडू दिला नाही म्हणून.

आणि मारिएलीनं केलं काय, ते कुठं आहे? मारे या झोपडवस्तीत वाढलेली ही बाई २०१६ साली ४६ हजारांवर मतं घेऊन नगरसेविका झाली. पोलिसांनी वस्तीत घुसून पोरं मारली की ती जाब विचारायची. ड्युटीवर मेलेल्या पोलिसांच्या घरच्यांनाही तिनं मदत केली, हेही लिहा. रात्रपाळी करणाऱ्या आणि रात्रीच्या वर्गाला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर हवं, असा प्रस्ताव तिनं मांडला. तो मंजूर झाला, तेव्हा ती नव्हती. एकोणिसाव्या वर्षी आई होऊन शिकलेल्या बाईला रात्री मूल कुठं ठेवायचं हा प्रश्न ठाऊक असतो. हे एक पाळणाघर तुमच्या सतरा विशेषणांहून जड आहे.

तिसरीला मात्र दीडच ओळ. का? फ्रान्सिया मार्केस जिवंत आहे म्हणून? मेल्याशिवाय हार घालायचा नाही, अशी शपथ घेतलीय का तुम्ही? कोलंबियातल्या ला तोमाची ही कृष्णवर्णीय बाई. सोन्यासाठी बेकायदा यंत्रं नदी उकरत होती, पाण्यात पारा सोडत होती. २०१४ साली ८० बायकांना घेऊन तिनं राजधानी बोगोटावर मोर्चा नेला. दहा दिवस, सुमारे साडेपाचशे किलोमीटर. गृहखात्याच्या इमारतीत ठाण मांडलं आणि सरकारकडून यंत्रं हटवण्याचा शब्द घेऊनच उठल्या. २०२२ साली ती देशाची उपराष्ट्राध्यक्ष झाली. या सगळ्याचं तुम्ही ‘समाजकार्याची आवड होती’ केलंत. आवड सिनेमाची असते.

कोपऱ्यात मोठ्या झोकात ‘आंतरछेदीयता’ लिहिलंय. कुणी लिहिलं? म्हणजे काय, सांग. नाही ना येत? मग मी सांगते. अमेरिकेत जनरल मोटर्सवर पाच कृष्णवर्णीय बायकांनी खटला भरला. १९६४ पूर्वी कंपनी त्यांच्यासारख्या बायकांना घेतच नव्हती. पुढं मंदी आली, शेवटी लागलेल्यांना आधी काढायचा नियम लावला, आणि या सगळ्या घरी बसल्या. १९७६ साली न्यायालय म्हणालं, कंपनीनं बायका नेमल्यात की, मग बायका म्हणून अन्याय कसा? पण त्या बायका गोऱ्या होत्या, कचेरीतल्या. काळे कामगारही होते, पण ते पुरुष, कारखान्यातले. या पाच जणी दोन्ही दारांतून बाहेर. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी हाच खटला समोर ठेवून १९८९ साली तो शब्द घडवला. शब्दामागं पाच जणींच्या गेलेल्या नोकऱ्या आहेत. त्या कळल्याशिवाय तो फलकावर डकवायचा नाही.

आणि आत्ता ‘मॅडम, यात आपल्याकडचं काहीच नाही’ असं कोण पुटपुटलं? जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण कुणाला केली? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हे त्या मुलीनं लिहिलं. जात, गरिबी आणि बाईपण एकाच बाळंतिणीच्या अंगावर कसं कोसळतं, हे तिनं क्रेनशॉबाईंच्या १३४ वर्षं आधी दाखवलं, आणि तेही सोप्या मराठीत. तुमच्या फलकावर तिला जागा नाही, चमकीच्या फुलपाखराला आहे.

आणि आपल्याकडची धरणं? सरदार सरोवराच्या बुडितात आपल्या राज्यातली आदिवासी गावं किती? तेहतीस, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात. मागच्या चाचणीत कुणी काय लिहिलं होतं, आठवतंय? ‘गावे बुडाली.’ पोहता येत नव्हतं का गावांना?

चूक माझीही आहे. ‘स्त्री आज’ या निबंधात तुम्ही दरवर्षी तीच विशेषणं पेरता आणि मी दहापैकी सात देत आले. आजपासून नाही. राग बायका गेल्याचा येतो, तसा त्या गुळगुळीत झाल्याचाही येतो. ज्यांनी मारलं त्यांना वाक्यातून सोडून द्यायचं आणि जिनं काम केलं तिच्या कामावर शाल पांघरायची. अशी वाक्यं मारणाऱ्यांना फार सोयीची असतात.

फलक उतरवा. उद्या साडेसातला नवा लागला पाहिजे. प्रत्येक बाईपुढं तीनच गोष्टी: तिनं काय केलं, कुणाकडं काय मागितलं, आणि नाही कोण म्हणालं. एकही विशेषण दिसलं तर लाल पेन काढीन.

निळा कुर्ता, तू बसू नकोस. फळ्याकडं ये, खडू घे. ‘बेर्ता’ लिही. आता तिला तृतीयेचा प्रत्यय लाव. हं, ‘बेर्तानं’. पुढचं क्रियापद तू शोधायचंस. घंटा व्हायला नऊ मिनिटं आहेत, मी इथंच उभी आहे.