दाणे कोणाचे?



छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. नवे पीक आले की येथे धानाच्या लोंब्यांची झालर गुंफून दारावर टांगतात, ती पाखरांसाठी. भिलाईत क्वार्टरच्या अंगणात आपणही रोज सकाळी चिमण्यांना मूठभर बाजरी घालतो.

पावसाळा लागला की त्याच जागी हिरवे कोंब दिसतात. गिरणीत सडलेल्या तांदळाचा अंकुर निघून जातो, म्हणून तो उगवत नाही. बाजरी, राळे, सूर्यफूल यांच्या दाण्यांत जीव शिल्लक असतो. न पेरता बाग उगवते!

आपण कौतुकाने पाणी घालतो, तण काढतो. अडीच-तीन महिन्यांत बाजरीला कणसे येतात. मग पोपट उतरतात आणि त्यांना हाकलायला आपला हात उठतो. त्या क्षणी स्वतःला विचारा : दाणे कोणाचे होते? कालचे दान आज मालमत्ता कधी झाले?

पाणी आपण घातले, हे खरे. पण सेवेवर हक्काचा कोंब असाच नकळत फुटतो. तो वेळीच खुडणे हीच साधना.

यंदा कणसे ताटावरच राहू द्या. उठलेला हात जोडून घ्या.